कुसुमडांग्याची मृत्यूवही

मी एक जुनी वही आहे, मित्रांनो. वीतभर लांब, खाकी पुठ्ठ्याची. बंगालमधल्या कुसुमडांगा गावात कोण जन्मलं, कोण गेलं आणि कशानं गेलं, एवढंच माझ्यात लिहिलं जाई. जिल्ह्याच्या तुरुंगात कैद्यांनी मला शिवलं आणि ठाण्यातून मी गदाधर बागदी या चौकीदाराच्या हाती आले. त्याला अक्षरओळख नव्हती. तो दारोदार फिरून माहिती आणी आणि क्षीरोदा नावाची तरुण विधवा ती लिहून घेई. दर सोमवारी गदाधर मला घेऊन नदीपलीकडच्या ठाण्यात जाई. "या गावची वही कधी चुकत नाही," असं तिथले मुन्शी म्हणत. तेव्हा मला फार अभिमान वाटे.

मग एका चैत्रात पटकी आली. आठवड्यात नऊ माणसं उलट्या-जुलाबांनी गेली. सगळी मोठ्या तळ्याचं पाणी पिणारी. गदाधर क्षीरोदाला ती नावं सांगत असतानाच पंचायतीचे प्रमुख सामंतबाबू तिच्या अंगणात येऊन उभे राहिले.

"काय लिहितेस गं?"

"पटकी."

"ताप लिही. शंकराच्या गाजनाची जत्रा तोंडावर आलीय. पटकी म्हटलं की जिल्ह्याचे साहेब जत्राच बंद पाडतील. आणि गदाधर, तुझा चौकीदारीचा पट्टा मी दिलाय, विसरू नकोस."

गदाधरने मान खाली घातली. क्षीरोदाने टाक दौतीत बुडवला. आणि माझ्या पानावर नऊ वेळा 'ताप' उमटला. ठाण्यात कुणाला शंकाही आली नाही. डॉक्टर आला नाही, तळ्यावर पहारा बसला नाही. लोक तेच पाणी पीत राहिले.

सहा दिवसांनी गदाधरची लेक पारुल गेली. बाळंतपणाला माहेरी आली होती. पहाटे उलट्या सुरू झाल्या आणि सकाळच्या उन्हाला धार येण्याआधीच सगळं संपलं. तिला अग्नी देऊन गदाधर ओल्या धोतरानेच क्षीरोदाकडे आला.

"लिही, माय."

"काय लिहू, काका?"

"पटकी. आणि मागचे नऊ ताप खोड. तेव्हाच खरं सांगितलं असतं तर तळं बंद झालं असतं. माझी पोर त्याच तळ्याचं पाणी प्यायली गं!"

"सामंतबाबू पट्टा काढून घेतील तुमचा."

"घेऊ देत. तुला विचारलं तर सांग, चौकीदारानं जबरदस्ती केली."

"मी असलं काही सांगणार नाही. अक्षर माझं आहे." तिने नऊही 'ताप' खोडले, पारुलसकट दहा वेळा 'पटकी' लिहिलं आणि खाली आपलं पूर्ण नाव घातलं.

जत्रेला दोन दिवस उरले होते. सोमवारची वाट न पाहता गदाधर निघाला. घाटावर सामंतबाबूंचा लाठीवाला मधू उभा होता. नावाड्याला त्याने आधीच दम भरला होता.

"वही दे, काका. उगाच वाढवू नकोस."

गदाधरने मला फेट्यात बांधलं आणि तो पाण्यात उतरला. पाणी छातीला लागलं. मागून मधूने त्याचा खांदा पकडला, तशी मी एका बाजूला कलंडले. आता गेले, असंच मला वाटलं.

"मार," गदाधर म्हणाला. "लेक जाळून आलोय मी, मला आता कसली भीती? पण मधू, तुझी लेकरं कुठलं पाणी पितात रे?"

मधूची पकड हळूहळू सुटली.

ठाण्यात दारोगा माझ्यावरच्या खाडाखोडीकडे पाहून ओरडला, "मागच्या सोमवारी ताप, आज पटकी! खोटं कुठलं?"

"मागचं, हुजूर. मीच खोटं बोललो. काय ती शिक्षा करा, पण आधी हे वर कळवा."

दुसऱ्याच दिवशी डॉक्टर आला. तळ्यावर पहारा बसला, जत्रा थांबली. त्यानंतर आणखी चार जण गेले आणि साथ ओसरली. महिन्याभरात गदाधरचा पट्टाही गेला. पुढे तो दुसऱ्यांच्या शेतात राबला.

मी मात्र ठाण्याच्या कपाटात पडून राहिले. वाळवीने माझे कोपरे खाल्ले, गळक्या छपराने शाई पसरली. मित्रांनो, अशी एखादी वही दिसली तर तिला जरा ऊन दाखवा. आणि ती लिहायची वेळ तुमच्यावर आली, तर माणूस कशानं गेलं ते खरंच लिहा. गेलेल्याला त्याचा उपयोग नसतो. पण शेजारच्या घरात कुणीतरी अजून तेच पाणी भरत असतं.