नसेचा दुसरा तुकडा

दिवसभर काचेच्या पट्ट्यांवर पेशी बघायच्या, म्हणून अख्खं हॉस्पिटल त्यांना काचबाई म्हणायचं. बाईंची नजर म्हणजे नजर! आणि त्याच बाईंनी गेल्या वर्षी एका बसड्रायव्हरच्या कानाखालच्या गाठीवर लिहून दिलं होतं, 'साधी गाठ.'

आता तो परत आला होता. गालाला मुंग्या येतात म्हणत होता. बाईंनी त्याची जुनी काच शोधून मायक्रोस्कोपखाली धरली. एका कडेला पेशींचे चाळणीसारखे भोकाभोकांचे पुंजके होते. लाळग्रंथीचा कॅन्सर, क्वचित दिसणारा, नसेच्या कडेकडेने सरकणारा.

दुसरं कुणी असतं तर मूग गिळून बसलं असतं. बाई तडक वॉर्डात गेल्या.

"चूक माझी आहे, दादा. हे तेव्हाच दिसायला हवं होतं."

त्याची बायको उसळली, "मग आता काय करायचं आम्ही?"

"ऑपरेशन. चेहऱ्याची नस या गाठीतून जाते. सगळी कापावी लागली, तर डोळा मिटणार नाही."

"म्हणजे स्टिअरिंग सुटलंच की माझं," ड्रायव्हर म्हणाला. "या खेपेला नीट बघा, बाई."

"डोळ्यांत तेल घालून बघते!"

ऑपरेशन चालू असताना सर्जनने नसेच्या खालच्या, ओठाकडे जाणाऱ्या फांदीचा तुकडा पाठवला. बाईंनी तो लगेच गोठवला, कापला, रंगवला. कॅन्सर होता.

"मग मुळापासून सगळीच काढतो," सर्जन फोनवर म्हणाला. "कशाला विषाची परीक्षा?"

"हात आवरा! आधी त्याच फांदीचा वरचा, मुळाकडचा तुकडा द्या. कॅन्सर तिथवर पोचलाय का बघते."

"बाई, मागच्या वेळी तुम्हीच..."

"चुकले म्हणूनच मागतेय ना!"

दुसरा तुकडा आला. एरवी दोन काप पुरायचे, बाईंनी सहा घेतले. सगळे स्वच्छ. "तेवढी फांदी काढा," त्यांनी ठणकावून सांगितलं, "डोळ्याकडच्या नसेला हात लावू नका."

पट्टी निघाली तेव्हा ड्रायव्हरच्या ओठाचा कोपरा जरा खाली आला होता. पुढे किरणांचे उपचारही होते. बाई पलंगाशी उभ्या राहिल्या. "दादा, डोळे मिटा बघू."

त्याने मिटले. बाईंनी चूक कबूल केली त्या दिवसापासून त्यांच्याशी एक शब्द न बोललेली त्याची बायको वाकली, पापणीशी फट राहिलीय का ते निरखून बघितलं आणि बाईंचा हात घट्ट धरला.

"मिटलाय, बाई," ती म्हणाली. "तुम्हीपण बघा."

बाई बघायला वाकल्या खऱ्या, पण त्यांना काही धड दिसेना.