त्या दुपारी माझा सूर उतरला

मी एक ऑर्गन बोलतोय. बोलतोय कसला, कुरकुरतोय. वय झालंय माझं. खरं सांगायचं तर तरुण होतो तेव्हाही मी दमलेलाच असायचो.

माझी घडण साधी आहे. पोटात विजेवर चालणारी मोटर, तिच्या जोरावर फिरणाऱ्या दातेरी चकत्या, वर पट्ट्यांच्या दोन ओळी. वजन मात्र तीन धट्टेकट्टे गडी एकत्र बांधल्याएवढं. आणि एक खोड जन्मजात. गिटारसारख्या मला खुंट्या नाहीत. वीज जशी येईल तशी मोटर फिरते आणि तसा माझा सूर लागतो. वीज मंदावली की सूर उतरतो, वेग धरला की चढतो. त्यामुळे दुसऱ्याच्या सुरात मला जाताच येत नाही, त्यांनाच माझ्याकडे यावं लागतं. लोकांना हा माज वाटतो. माज कुठला, नाइलाज आहे.

पहिली बारा वर्षं मी ऑल्डरक्लफच्या चॅपलमध्ये काढली. यॉर्कशायरमधलं खाणीचं गाव ते. तिथे लग्नांपेक्षा अंत्यविधीच जास्त वाजवले मी. एडना ब्रॅम्हॉलच्या नवऱ्याचाही त्यातच. पुढे चॅपलला कुलूप लागलं, तेव्हा मला घ्यायला कुणी पुढे येईना. एडनाच म्हणाली, "माझ्या नेव्हिलला द्या. पोरगं तसंही रोज तिथेच जाऊन बसतं." मला आत घ्यायला तिच्या बैठकीची खिडकी चौकटीसकट काढावी लागली. शेजारपाजारचे बघायला जमले होते, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नेव्हिल चांगला वाजवायचा. मी बऱ्याच हातांखालून गेलोय, म्हणून सांगतो. बाकीचे मला बडवायचे, हा विचारून वाजवायचा. अठराव्या वर्षी त्याने गल्लीतल्या तिघांबरोबर बँड काढला. गिटारवर क्लाइव्ह, ड्रमवर रेग, आणि बेस वाजवत गाणारा डेस. गल्लीचंच नाव बँडला दिलं, टॅलो लेन.

मग सुरू झाली माझी वरात. कामगारांच्या क्लबांमध्ये स्टेज नेहमी वरच्या मजल्यावर असतं, का ते देव जाणे. दर शनिवारी चौघं मला जिन्यातून चढवत आणि दर शनिवारी क्लाइव्ह म्हणत असे, "लेका नेव्हिल, तू बासरी का नाही शिकलास?" गाणं रंगात आलं की क्लबचा सेक्रेटरी उठून सांगणार, "पोरांनो, थांबा आता, बिंगोच्या खेळाची वेळ झाली." चार वर्षं हेच. माझ्या कडा झिजल्या, एक पाय तुटला, तो रेगच्या काकाने टेबलाचा पाय लावून जोडला. तक्रार कुणाकडे करणार?

एकोणसत्तरच्या ऑगस्टमध्ये लंडनहून चिठ्ठी आली. रेकॉर्ड कंपनीचे कुणी मिस्टर फेअरली गावच्या वार्षिक मेळ्यात त्यांना ऐकायला येणार होते. पसंत पडले तर चौघांना लंडनला घेऊन जाणार. नेव्हिल तेव्हा कापडाच्या गिरणीत गाठी मोजायचा. त्या आठवड्यात तो माझ्यासमोर बसून नुसताच पट्ट्यांवर हात ठेवायचा, वाजवायचा नाही. त्याला इथून निघायचं होतं. इतकी ओढ मी त्याच्या बोटांत कधी पाहिली नव्हती.

मेळा खेळाच्या मैदानावर होता. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचं स्टेज आणि विजेसाठी एक जुना जनरेटर. शेजारीच बंद पडलेल्या चॅपलमधल्या जुन्या बायकांचा चहाचा तंबू, त्यात विजेवरचे तीन मोठे बंब, आणि बंबांवर राज्य एडनाचं. तीनच्या सुमारास नेव्हिलने माझी पट्टी दाबली आणि त्याचा चेहराच उतरला. मी चांगला अर्ध्या सुराने खाली गेलो होतो. तीन बंब त्याच जनरेटरवर उकळत होते, त्या बिचाऱ्याची दमछाक होत होती आणि त्याच्याबरोबर माझीही. शरमेने मेलो मी.

नेव्हिल धावत तंबूत गेला. कापडी भिंतीपलीकडून सगळं ऐकू येत होतं.

"आई, ते बंब दहा मिनिटं बंद कर ना."

"बंद? अरे, दीडशे माणूस रांगेत उभंय! पाद्रीबाबांना काय कोमट पाणी पाजू?"

"लंडनचा माणूस आलाय गं."

"मग त्यालाही चहा लागेलच की. जा, वाजव जा तू. रांग सरली की बघते."

ऑल्डरक्लफमध्ये राणी आली असती तरी चहा थांबला नसता, हे नेव्हिललाही ठाऊक होतं. तो परत आला आणि मित्रांना म्हणाला, "याला वर आणता येत नाही. तुम्हीच खाली या."

क्लाइव्हने कपाळावर हात मारला. "तारा इतक्या सैल केल्या तर त्यावर आईचे कपडे वाळत घालता येतील!"

"घाल नंतर. आधी खुंट्या पिळ."

गिटार उतरली, बेस उतरला. आणि पहिला झंकार उठला तेव्हा आम्ही सगळेच दचकलो. सैल तारांतून असा काही जडशीळ, काळोखा आवाज निघाला की ट्रॉलीच्या फळ्या थरथरल्या. डेसचा गळा त्या खालच्या पट्टीत एकदम मोकळा झाला. नेहमीचंच गाणं होतं, पण खाणीतून वर आल्यासारखं वाटत होतं. रांगेतली म्हातारी माणसं वळून बघू लागली. फेअरलीने कप ओठांपर्यंत नेला आणि तिथेच धरून ठेवला. नेव्हिल हसत होता. त्याच्या बोटांवरून मला कळत होतं, जमलं.

गाणं अर्ध्यावर आलं आणि तंबूत बंब बंद झाले. तीनही, एकामागून एक.

जनरेटरने मोकळा श्वास घेतला. माझी मोटर उसळली आणि माझा सूर वर चढत गेला. ते तिघं खाली, मी वर. कानात खिळा ठोकावा तसा मी त्या गाण्यात घुसलो. थांबायची मला सोय नाही, ती फक्त वाजवणाऱ्याला असते.

नेव्हिलने माझ्यावरचे हात उचलले आणि मांडीवर ठेवले.

उरलेलं अर्धं गाणं तो तसाच बसून होता, मान खाली घालून. मध्येच क्लाइव्हने वळून पाहिलं. नेव्हिलने मानेनेच सांगितलं, चालू दे. तिघांनी गाणं पुरं केलं, आणि खोटं कशाला बोलू, माझ्यावाचून ते जास्त चांगलं झालं.

फेअरली ट्रॉलीपाशी आला. "तो शेवटचा भाग," तो म्हणाला, "अगदी तसंच वाजवायचं, इतकंच खाली. तिघं पुरे आहात."

"चौघं आहोत आम्ही," क्लाइव्ह म्हणाला. भांडलाही थोडा वेळ, फेअरलीचा कप संपेपर्यंत. शेवटी नेव्हिलच म्हणाला, "जा रे गाढवांनो. अशी संधी परत यायची नाही."

इतक्यात एडना हात पुसत धावत आली. "नेव्हिल! केले बघ बंद! रांगेत बारा माणसं होती अजून, पण म्हटलं, राहू देत तहानलेली, माझ्या लेकाचं गाणं चाललंय. वेळेवर झालं ना रे?"

नेव्हिलने तिच्याकडे पाहिलं. तिच्या गालांवर बंबाची वाफ होती, पदरमोड करून भेट आणावी तसा आनंद होता.

"हो आई," तो म्हणाला. "अगदी वेळेवर."

टॅलो लेनचं पुढे काय झालं ते जगाला माहीत आहे. त्या सैल तारांच्या आवाजावर त्यांनी मैदानंच्या मैदानं भरली. नेव्हिल गिरणीत राहिला, गिरणी बंद पडल्यावर मुलांच्या शिकवण्या घेऊ लागला. आणि एडना खाटकाच्या दुकानात, पोस्टात, भेटेल त्याला सांगायची, "मी बंब बंद केले म्हणून ती पोरं मोठी झाली हो!" यात खोटं काहीच नव्हतं, म्हणून तर ऐकवत नसे.

आता ती नव्वदीत आहे. जिना चढवत नाही, म्हणून तिचा पलंग बैठकीत माझ्याशेजारीच टाकलाय. माझ्या चकत्या कुरकुरतात, तिचे गुडघे कुरकुरतात. रात्रीचं जेवण आटोपलं की नेव्हिल तिच्यासाठी एखादं भजन वाजवतो. त्याचे हात अजून तसेच आहेत.

गेल्या मंगळवारी भजन झाल्यावर ती म्हणाली, "नेव्हिल, एक विचारू? तू का नाही रे गेलास त्यांच्याबरोबर? माझ्यापायी राहिलास का?"

त्याने माझ्या पट्ट्यांवरचं झाकण अर्धं ओढलं. मला वाटलं, आता सांगतो. चाळीस वर्षं झाली, सांगून मोकळा हो बाबा, असंच मला वाटत होतं.

"छे गं," तो म्हणाला. "ऑर्गनने ऐन वेळी दगा दिला."

एडनाने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "मेल्या," ती म्हणाली, "आणि मी रोज तुला पुसत होते!"

दगा मी कधीच दिला नाही. जशी वीज आली तसा वाजलो. पण आता ते कुणाला पटवून द्यायचं नाही मला. कधी तिला भेटायला आलात, तर ती बंबांची गोष्ट सांगेलच. ऐकून घ्या, आणि "छान केलंत हो, काकू," एवढं म्हणा. मग माझ्याकडे बोट दाखवून ती मला मेला म्हणेल, तेव्हा तुम्हीही म्हणा.