लिगायाच्या आजीची विळी

"चहाचं पातेलं ठेवायला चार बोटं जागा नाही! ओट्यावर मोबाइल, मोबाइलला दिवा, खाली नारळ. आपण घरात राहतो की स्टुडिओत?" अर्शद दारात उभा राहून पुटपुटत होता.

"हळू बोला. लिगायाचं शूटिंग चालू आहे," नुसरत म्हणाली.

तो नारळ माझ्याच दातांवर होता. मित्रांनो, मी एक जुनी विळी आहे. रत्नागिरीजवळच्या एका वाडीत सुताराने फणसाच्या लाकडाचा माझा पाट घडवला. लोहाराने पातं ठोकलं आणि टोकाला नारळ खवायचे गोल दात काढले. नुसरतच्या अम्मीने माझ्यावर बसून चाळीस वर्षं नारळ खवले. तिच्या बसण्याने माझ्या पाटाला खळगा पडला. अम्मी गेली आणि नुसरतने मला चादरीत गुंडाळून बहरीनला, या हिद्दच्या फ्लॅटमध्ये आणलं. तिचा नवरा अर्शद इथल्या बंदरावर क्लार्क आहे. शेजारच्या खोलीत लिगाया राहते. ती फिलिपिन्सची, मनामाच्या एका सलूनमध्ये केस कापते. खोल्या वेगळ्या, स्वयंपाकघर एकच. नुसरतला ती 'आते' म्हणते. त्यांच्याकडे मोठ्या बहिणीला तसं म्हणतात.

मला पहिल्यांदा पाहून लिगाया थबकली होती. "आते, अशी आमच्या गावाकडे पण असते!"

मला फार नवल वाटलं. मधे एवढा समुद्र, आणि पलीकडे माझी बहीण? नारळ पोहत दूरदेशी जातात हे ऐकून होते. विळ्याही पोहतात की काय?

तेव्हापासून मी कान लावून ऐकू लागले. तिचं नाव लिगाया, म्हणजे आनंद. आडनाव मात्र स्पॅनिश. "ते तीनशे वर्षं राहिले ना," ती सांगायची. "आडनावांचं पुस्तकच काढलं त्यांनी आणि वाटून टाकली."

"आमचं गावावरून पडलं," नुसरत हसायची. "गाव सुटलं, आडनाव काही सुटत नाही."

"मग अमेरिकन आले. त्यांनी इंग्रजी दिलं. आणि डब्यातलं बीफ." एवढं बोलून लिगाया का कोण जाणे, विषयच बदलायची.

एकदा माझ्यावर बसून नारळ खवतानाचा व्हिडिओ तिने टाकला. खाली कुणीतरी लिहिलं, 'ही तुझ्या आजीची ना? हीच आपली खरी परंपरा, स्पेनच्याही आधीची!' लिगाया हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. तिने नुसता लाल बदाम टाकला. त्या एका बदामाने माझा जन्मदाखला बदलला. महिन्याभरात मी लिगायाच्या आजीची झाले, वर शंभर वर्षांची! खरं सांगू? मला आवडलं. या वयात कोण कौतुक करतं हो विळीचं?

नुसरत ते व्हिडिओ पाहायची आणि मग मला जरा जास्तच जोरात घासायची.

"सांग की तिला, अम्मीची आहे म्हणून," अर्शद म्हणायचा.

"जाऊ द्या. सहा वर्षं घरी गेली नाही बिचारी. लोक चार शब्द चांगले बोलतायत, बोलू देत. खलास." पण मला पुसताना तिचा हात त्या खळग्यापाशी थांबायचा.

मग बोलावणं आलं. मनामात फिलिपिनो लोकांचा, त्यांच्या स्वातंत्र्यदिनाचा कार्यक्रम होता. लिगायाने मला घेऊन जायचं आणि मुलांसमोर 'आजीचा वारसा' यावर बोलायचं. तिकडे फिलिपिन्सहून तिची आजी फोनवर पाहणार होती. आदल्या दिवशी आजीने व्हिडिओ कॉलवर मला पाहिलं, चष्मा वर सरकवला आणि काहीतरी विचारलं. भाषा कळली नाही, पण बोट माझ्याकडे होतं. 'ही कुणाची गं?' एवढं कोणालाही कळलं असतं.

"लोला, रेंज नाही," म्हणत लिगायाने फोन ठेवला. लोला म्हणजे त्यांच्याकडे आजी. नुसरत डाळ ढवळत राहिली. डाळ केव्हाच शिजली होती.

मित्रांनो, मला तेल लावा, माझे दात गंजू देऊ नका, हे तर मी मागेनच. पण वस्तू जपायची तर ती कुणाच्या हातची, हेही जपा. नाहीतर चकचकीत असूनही ती पोरकी होते. हे मी तेव्हाच ओरडून सांगितलं असतं. पण विळीला दात असतात, जीभ नसते.

कार्यक्रमाला नुसरतच मला मांडीवर घेऊन टॅक्सीत बसली. वाटभर दोघी ट्रॅफिकबद्दल बोलल्या.

स्टेजवर मला फुलं वाहिली होती. समोर टेकवलेल्या फोनमध्ये आजी होती आणि पहिल्या रांगेत नुसरत. एका मुलीने हात वर केला.

"तुमची लोला यावरच बसून नारळ खवायची?"

लिगायाने माझ्या पाटावर हात ठेवला. तो नेमका खळग्यात गेला. तिने फोनकडे पाहिलं, मग नुसरतकडे.

"नाही," ती म्हणाली. "ही माझ्या आतेच्या अम्मीची आहे, रत्नागिरीची. माझ्या लोलाने मला नारळ खवून कधी घातला नाही. ती डबा उघडायची, बीफ कांद्यावर परतायची, आणि आम्ही भावंडं करपलेल्या भागासाठी भांडायचो. रिकाम्या डब्यांत ती मिरची लावायची. अजून लावते."