सहीपुरते दोन घोट

ताईचा धाकटा भाऊ दुकानांच्या पाट्या रंगवायचा. सगळे त्याला पेंटर म्हणत, सख्खी बहीणसुद्धा. एके काळी पट्टी न लावता तो एका दमात सरळ ओळ ओढायचा. आता पोटात दारू गेल्याशिवाय चहाचा कपही तोंडापर्यंत धड पोचत नसे. मागच्या आठवड्यात तर तो शिडीवर, तिसऱ्या मजल्याच्या उंचीवर, दोन तास बसून राहिला. खाली यायचंच नाही म्हणाला. ताईने हातापाया पडून त्याला उतरवला, आणि तेव्हापासून तिच्या डोळ्याला डोळा नव्हता.

बावीस दिवस खेटे घातल्यावर व्यसनमुक्ती केंद्रात एक खाट रिकामी झाली. संध्याकाळी सहापर्यंत दाखल झाला नाही, तर ती पुढच्याला जाणार होती. अट एकच, कागदावर त्याने स्वतः सही करायची.

सकाळी गडी अडून बसला. वेडीवाकडी सही करायला मी काय अडाणी आहे, असं त्याचं म्हणणं. माणूस बुडाला तरी तोरा काही बुडत नाही! ताईने पंचवीस वर्षं हॉटेलच्या चादरींना इस्त्री केलेली. सुरकुती दिसली की मोडायची, एवढंच तिला ठाऊक. हाताचं थरथरणं थांबावं म्हणून तिने स्वतःच त्याला दोन घोट ओतून दिले. सहीपुरते.

वास काय लपतोय? केंद्रावर पोचताच तिथल्या डॉक्टरीणबाईंनी कागद मिटून ठेवला. नशेतली सही आम्हाला धरता येत नाही, उतरेपर्यंत इथेच थांबा, म्हणाल्या. धरणीने पोटात घ्यावं असं ताईला झालं.

दोघं बाकावर बसून राहिली. दुपार टळली तसा त्याला घाम फुटला. डॉक्टरीणबाई मधून मधून येऊन नाडी बघून जात. चार वाजेपर्यंत त्याच्या गुडघ्यांनी बाक हादरायला लागला. एकच घोट दे म्हणून त्याने तिच्या विनवण्या केल्या, मग उठून दाराकडे निघाला. ती आडवी उभी राहिली. त्याने तिला ढकललं, जन्मात पहिल्यांदा. पडल्या पडल्या तिने त्याचा पाय दोन्ही हातांनी धरला आणि सोडलाच नाही. लोक बघत होते. बघू देत, लाज तिने कधीच गुंडाळून ठेवली होती. शेवटी तोही तिच्याशेजारी फरशीवर बसला आणि रडला.

साडेपाचला डॉक्टरीणबाईंनी त्याला चार प्रश्न विचारून पाहिले आणि कागद पुढे केला. पेन दोनदा हातातून गळलं. ताई त्याचं मनगट धरायला सरसावली, तर त्यानेच तिला मागे सारलं. कागदावर कोंबडीचे पाय उमटले. सही झाली.

आत जाताना तो दाराशी थांबला.

"ताई, भेटायला येऊ नकोस."

"का रे?"

"मी मागेन. आणि तू देशील."

नाही म्हणायला तिने तोंड उघडलं. पण सकाळची उरलेली बाटली तिने ओतून टाकली नव्हती. लागली तर असू दे म्हणून डब्यांच्या मागे जपून ठेवली होती.