चकचकवहिनीची खिडकी

चकचकवहिनीने दवाखान्याच्या सिस्टरला चपला दाराबाहेर काढायला लावल्या, तिच्या पिशवीचा तळ फडक्याने झटकला आणि मगच तिला आत घेतलं. कोणीही आलं की होणारा हा सोहळा निवाऱ्यातल्या बायका बघत आणि तोंडावर हात ठेवून हसत. हे नाव त्यांनीच ठेवलेलं. निवारा म्हणजे एक बंद पडलेली शाळा. एकेका वर्गात फळ्या ठोकून दोन-दोन कुटुंबांची सोय केलेली, त्यातला एक खिडकीकडचा भाग वहिनीचा. त्याआधी गोदामाच्या भिंतीला ताडपत्री बांधून तिने, नवऱ्याने आणि मुलीने एक अख्खं वर्ष काढलं होतं. आता भिंती होत्या, दार होतं, खिडकी होती, आणि माशीने बसावं अशी एक जागा तिने ठेवली नव्हती.

"बसा," ती म्हणाली. "आत्ताच झाडून घेतलंय."

सिस्टर बसली. मागच्या खेपेला ती मुलांच्या रक्तात शिसं आहे का ते तपासायला आली, तेव्हा व्हरांड्यातली दारं एकामागून एक लागली होती. रक्तात काही निघालं तर इमारतीला टाळं लागेल आणि आपली वरात पुन्हा रस्त्यावर, अशी सगळ्यांची धास्ती. वहिनीने मात्र अडीच वर्षांच्या चिमीचं बोट आपणहून पुढे केलं. स्वच्छ घरातलं मूल कसं असतं, बघू देत एकदा लोकांना. आज ती कौतुकाचे दोन शब्द ऐकायला पाय दुमडून समोर बसली होती.

"वहिनी, चिमीच्या रक्तात शिसं जास्त आलंय," सिस्टर म्हणाली. "बरंच जास्त."

वहिनी आधी हसली.

"अदलाबदल झाली असेल. त्या पलीकडच्या शिंपिणीच्या जुळ्यांचं असेल ते. तिच्या घरात पाय ठेवायला जागा नाही."

"त्यांचं रक्त घेतलेलंच नाही. एकट्या चिमीचं घेतलंय."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. वहिनीने चिमीला ओढून मांडीत घेतलं. सिस्टर विचारत गेली आणि ती सांगत गेली. हो, जेवत नाही नीट. पोट धरून बसते. आधी चुरुचुरु बोलायची, हल्ली गप्प असते. दाढा येत असतील असं वाटलं.

सिस्टरची नजर खिडकीकडे गेली. चौकट अर्धी हिरवी होती, अर्धी उघड्या लाकडाची. खाली मोडक्या मुठीची सुरी ठेवलेली.

"हे कोणी खरवडलं?"

"मीच. पोपडे सुटले होते, बरं दिसत नव्हतं. रोज थोडं थोडं काढते."

"आणि केर कसा काढता? जरा दाखवता?"

वहिनी उठली. झाडू कसा मारायचा हे तिला आजवर कोणी विचारलं नव्हतं, त्यामुळे तिने जरा झोकातच मारला. खिडकीतून ऊन येत होतं. त्यात धुळीचा लोट उठला, वर चढला आणि सावकाश खाली आला, फरशीवर, पांघरुणावर, चिमीच्या केसांवर. चिमीने फरशीवर टेकलेला हात उचलला आणि बोटं तोंडात घातली.

"हा रंग फार जुना आहे. त्यात शिसं असतं," सिस्टर म्हणाली. "खरवडला की पूड होते. कोरड्या झाडूने ती उडते, मुलांच्या हाताला लागते आणि हातावरून पोटात जाते."

झाडू वहिनीच्या हातात तसाच राहिला.

"म्हणजे मी घाण करत होते?"

सिस्टरने वहिनीला खाली बसवलं आणि समजावून सांगितलं. लवकर लक्षात आलंय, दवाखान्यात ठेवायची वेळ आलेली नाही. खरवडणं आजपासून बंद. झाडू ठेवून द्यायचा, ओल्या फडक्याने पुसायचं. मुलीचा हात रंगापर्यंत पोचणार नाही अशी खिडकी झाकायची. जेवणाआधी हात धुवायचे. हे सगळं सांभाळलं तर शिशाचा आकडा हळूहळू उतरतो.

वहिनी ऐकत होती, पण तिचं लक्ष व्हरांड्याकडे लागलं होतं. दाराशी कोणी भेटलं की ती पोपड्यांवरून टोकायची. दोघी-तिघींना तर तिने ती सुरी वापरायला दिली होती.

"सगळ्यांना मीच शिकवलंय हे," ती म्हणाली.

"मग त्यांचीही मुलं तपासायला हवीत. माझं कोणी ऐकत नाही."

"आणि टाळं लागलं तर?"

"लागणार नाही असं मी छातीठोक सांगू शकत नाही. पण एकेक वर्ग रिकामा करून रंग काढता येतो, मी दुसऱ्या निवाऱ्यात पाहिलंय. ते मागायचं तर मुलांचे आकडे हातात लागतात. एका मुलीसाठी कोण हलणार?"

संध्याकाळी नवरा गोदामातून आला. हमाली करणारा, अंगाने दांडगा आणि स्वभावाने गरीब माणूस. बायको ओल्या फडक्याने भिंत पुसतेय आणि पुसता पुसता रडतेय हे पाहून तो दारातच थबकला. तिने सगळं सांगितलं. तो बराच वेळ चिमीच्या केसांतून बोटं फिरवत राहिला.

"आपलं आपण सांभाळू," शेवटी तो म्हणाला. "बाहेर बोलू नकोस. छप्पर गेलं तर?"

"छप्परच खातेय ती," वहिनी म्हणाली.

त्याने बादली उचलली आणि पाणी बदलून आणलं.

पुढच्या खेपेला सिस्टरने व्हरांड्यात टेबल मांडलं आणि नेहमीप्रमाणे कोणीच आलं नाही. बायका आपापल्या दारात उभ्या होत्या. वहिनी चिमीला कडेवर घेऊन टेबलाजवळ गेली. ज्या बायकांना तिने आजवर केरावरून, भांड्यांवरून, पोरांच्या शेंबडावरून सुनावलं होतं, त्या सगळ्या समोर होत्या.

"माझ्या चिमीच्या रक्तात शिसं निघालंय," ती म्हणाली. "मी खिडकी खरवडली, त्यातून गेलं. तुम्हालाही मीच खरवडायला लावलं. चूक माझी आहे. पोरांची बोटं पुढे करा."

कोणी हललं नाही. शिंपीण दाराला टेकून सुईत दोरा ओवत होती.

"लोक आपलं झाकून ठेवतात," ती म्हणाली, "आणि तू चव्हाट्यावर मांडतेस. उद्या आम्ही जायचं कुठे?"

"मला माहीत नाही," वहिनी म्हणाली. "मीसुद्धा तुमच्याबरोबरच असेन."

शिंपिणीने दोरा ओवला, गाठ मारली, सुई कापडात खोचली. मग आत जाऊन दोन्ही जुळ्यांना दंडाला धरून बाहेर आणलं.

"हिच्या पोरीला झालंय तर माझ्यांचं काही खरं नाही," ती सिस्टरला म्हणाली. "आधी थोरल्याचं घ्या, धाकटा फार बोंबलतो."

तिच्यामागून एकेक जण आली.

आकडे आले. जिथे जिथे सुरी फिरली होती तिथे कमी-जास्त शिसं निघालंच. जुळ्यांच्या रक्तात मात्र ते जवळजवळ नव्हतं. शिंपिणीने आळसापोटी चौकटीला कधी हात लावला नव्हता, आणि वारा येतो म्हणून शिवणातल्या उरल्या कापडांनी खिडकी वरपासून खालपर्यंत झाकून टाकली होती. ही बातमी तिने स्वतःच नळावर जाहीर केली आणि दिवसभर मान ताठ ठेवून हिंडली. सिस्टर आकडे घेऊन निवाऱ्याच्या व्यवस्थापकाकडे गेली. तो खूप कुरकुरला, पण हळूहळू एकेक वर्ग रिकामा करून रंग काढायचं ठरलं. काम टोकाच्या वर्गापासून सुरू होणार होतं. वहिनीच्या वर्गाची पाळी सगळ्यात शेवटी होती.

त्या दुपारी वहिनी चिमीला घेऊन शिंपिणीच्या दारात जाऊन उभी राहिली. आत चिंध्या, दोऱ्यांची रिळं, उलटीसुलटी भांडी, आणि त्यात लोळणारी जुळी. इतक्या महिन्यांत ती या उंबऱ्याच्या आत आली नव्हती.

"तपासायला आलीस?" शिंपिणीने मशीन न थांबवता विचारलं.

"मागायला आलेय. खिडकीला कापड हवंय."

मशीन थांबलं. शिंपिणीने तिच्याकडे नीट पाहिलं, मग पायाने चिंध्या सरकवून जागा केली. वहिनी बसली. चिमी तिच्या मांडीवरून उतरून जुळ्यांकडे सरकली आणि वहिनीने तिला धरून ठेवलं नाही. शिंपिणीने पेटी उपसली आणि तळातून पांढऱ्याशुभ्र कापडाचा मोठा तुकडा बाहेर काढला.

"घे. कोरं आहे. तुलाच शोभेल असं."

वहिनीने कापडावरून हात फिरवला. सुरेख होतं. तिने ते घडी घालून परत दिलं.

"पांढरं नको," ती म्हणाली. "पोर हात लावणार, तोंड पुसणार. एखादं मळखाऊ असेल तर बघ."