भिंतीपलीकडचं ऊन

दुपारी छपरावर ऊन नीट पसरलं की थोरली मधल्या बोळात स्टूल टाकून बसायची. समोर सौर यंत्रणेचा लहानसा पडदा टांगलेला होता. वर सूर्याचं चित्र, खाली बॅटरीचं, आणि मध्ये एक आकडा : या क्षणी घर किती वीज खातंय तो. घरातला पंखा बंद असायचा, फ्रिज गप्प असायचा, तरी आकडा हलत राहायचा. वर चढायचा, थोडा थरथरायचा, खाली येऊन विसावायचा आणि पुन्हा वर चढायचा. झोपलेल्या माणसाची छाती हलावी तसा.

ते हलणं म्हणजे तिची धाकटी जाऊ होती. भिंतीपलीकडे बसून शिवत होती.

ही भिंत पूर्वी नव्हती. भावाभावांचं फाटलं तेव्हा घराची वाटणी झाली. दोघेही हट्टाला पेटलेले. दोघांनी आपापली मोजपट्टी आणली, कारण दुसऱ्याच्या पट्टीवर विश्वास नव्हता, आणि दाराच्या कड्याकोयंड्यांपर्यंत सगळं वाटून घेतलं. भिंत शिवणाच्या खोलीच्या पोटातूनच गेली. खिडकी पलीकडे गेली, कपाट अलीकडे राहिलं. विटा मोजल्या, फरश्या मोजल्या, पण फरशीखालून गेलेली तार कुणाच्याच ध्यानात आली नाही. शिवणयंत्राजवळचा दिवा आणि त्याखालचा प्लग धाकटीकडे गेले आणि त्यांची वीज मात्र थोरलीच्या बोर्डातूनच जात राहिली. पुढे धाकटा दीर आजारपणात गेला. भांडणारा गेला, अबोला मागे राहिला. दोन घरांची दारं दोन वेगळ्या रस्त्यांवर उघडायची, त्यामुळे तो सांभाळणंही जड गेलं नाही.

थोरलीची सगळी नोकरी टेलिफोन केंद्रात गेली होती. कोणती लाइन कधी जागी होते, किती वेळ जागी राहते, यावरून तिथे माणूस ओळखता यायचा. बोलणं ऐकायला मात्र सक्त मनाई होती आणि तिनं ती पाळली होती. म्हणूनच असेल, एका दुपारी भिंतीतून शिवणयंत्राची घरघर आली आणि नेमका त्याच क्षणी पडद्यावरचा आकडा चढला, तेव्हा तिला सगळं एका झटक्यात कळलं. घरघर थांबली, आकडा बसला. तिनं ही गोष्ट कुणाला सांगितली नाही. नवऱ्याला तर नाहीच.

मग तिला ती लिपी येऊ लागली. लांब, संथ चढ म्हणजे पडदे किंवा चादरी. तुटक तुटक असेल तर बाह्या नाहीतर गळे. मध्येच आकडा उसळी मारायचा, ती इस्त्री. बराच वेळ काहीच हललं नाही की तिचा जीव खालीवर व्हायचा : सुई मोडली की अंगात कसर आहे? आणि पुन्हा आकडा चढला की ती पाठ भिंतीला टेकून डोळे मिटायची. तिला वाटायचं, छपरावरचं ऊन खाली उतरून आपल्या पायांखालून, फरशीच्या आतून कोमट पाण्यासारखं पलीकडे वाहतंय. तिकडे धाकटी ते दोऱ्यात ओवतेय, आणि टाका टाका करत ऊन कापडात मुरतंय. मग कुठल्यातरी अनोळखी घराच्या खिडकीत ते ऊन पडदा होऊन लटकेल आणि तिथल्या माणसांना पत्ताही लागणार नाही.

अडचण एकच होती, तिचा नवरा.

सगळे त्यांना पंपवाले म्हणायचे. शहराच्या पंपघरात त्यांनी आयुष्य काढलं होतं. काट्यांवर डोळे लावून बसायचं आणि नळातली गळती हुडकायची, हे त्यांचं काम. त्यांच्या तोंडी शिव्या नव्हत्या, एखाद्याला ते फार तर 'गळका' म्हणायचे. निवृत्तीनंतर त्यांनी छपरावर पॅनेल बसवून घेतले आणि एकच ध्यास घेतला : सूर्य मावळल्यापासून उगवेपर्यंत घर स्वतःच्या विजेवर चाललं पाहिजे, बाहेरची वीज घ्यायची नाही. हिशेबानं ते सहज जमायला हवं होतं. पण रोज तिन्हीसांजेलाच बॅटरी धाप टाकायची, दिवे क्षणभर मिटायचे आणि बाहेरची वीज सुरू व्हायची. पंपवाले तेवढा वेळ ताटावर हात धरून बसायचे.

थोरली तिच्या परीनं ही तूट भरून काढत होती. कपडे हातानं धुवायला लागली. सकाळी एकदाच पाणी उकळून थर्मासात भरून ठेवायची. अंधार पडला तरी दिवा न लावता खिडकीशी बसून भाजी निवडायची. पंपवाले खूश व्हायचे, बायको आपल्या वळणावर आली म्हणायचे. तिनं आवरून धरलेलं सगळं पलीकडच्या इस्त्रीला पुरावं म्हणून होतं, हे त्यांना कसं कळणार? पण तिनं जितकं वाचवलं तितकं धाकटीचं काम वाढत गेलं. हंगाम शिवणाचा होता.

शेवटी एका सकाळी चहा घेताना पंपवाले म्हणाले, "कुठेतरी पाणी मुरतंय."

त्यांनी बेत सांगितला. संध्याकाळी उजेड उतरला की घरातलं एकूण एक बटण बंद करायचं, प्लग काढायचे आणि पडद्यासमोर बसायचं. आकडा शून्यावर आला तर ठीक. नाही आला तर गळती आहे, आणि गळती असली तर वायरमनला बोलावून फरशी उकरायची. पंपघरातही ते असंच करायचे : सगळे नळ बंद ठेवून काट्याकडे बघत राहायचं.

"आणि सापडली तर?" थोरलीनं विचारलं.

"तर काय? तोडायची."

दिवसभर तिचं कशात लक्ष लागलं नाही. धाकटीला आधी सावध करावं, तर ती मानी बाई, प्लगला पुन्हा हात लावणार नाही. न करावं, तर पंपवाले तार तोडणार. कसंही झालं तरी आकडा मरणार होता, आणि मग दुपारी त्या बोळात बसायला काही कारण उरणार नव्हतं. टेलिफोन केंद्र बंद झालं त्या दिवशी तिच्या समोरचे सगळे लहान दिवे एकदम विझले होते. ते तिला पुन्हा बघायचं नव्हतं. दुपारचं ऊन कललं, आकडा शांतपणे वरखाली होत राहिला. पलीकडे खिडक्यांच्या पडद्यांची शिवण चालली होती.

उजेड उतरायला लागला. पंपवाले खोलीखोलीतून बटणं बंद करत फिरू लागले. थोरलीनं चपला घातल्या, जरा पाय मोकळे करून येते म्हणाली, आणि गल्लीला वळसा घालून पलीकडच्या रस्त्यावर गेली. दीर गेला तेव्हा ती इथवर आली होती, पण गर्दीतच उभी राहून परतली होती. आज तिनं दार वाजवलं.

धाकटीनं दार उघडलं तेव्हा तिच्या ओठांत टाचण्या होत्या. त्या काढायला तिनं मुद्दाम वेळ घेतला असावा.

"जाऊबाई," ती म्हणाली.

वाटेत जुळवलेलं सगळं थोरली विसरली. "धाकटे, तुझा दिवा आमच्या छपरावर चालतो," ती म्हणाली.

मग खोलीत बसून तिनं तार, भिंत, बॅटरी, पंपवाल्यांचा बेत असं सगळं सांगितलं. दुपारच्या स्टुलाचं तेवढं सांगितलं नाही. ऐकता ऐकता धाकटीचा चेहरा आवळत गेला. ती उठली, तिनं यंत्राचा प्लग ओढून काढला, दिवाही बंद केला. म्हणाली, फुकटच्या विजेवर पोट भरायची वेळ अजून आलेली नाही. उद्याच दुसऱ्या खोलीत यंत्र हलवते, दादांना निश्चिंत राहायला सांगा.

खोलीत राखाडी उजेड उरला. अर्धवट शिवलेला पडदा यंत्रावरून जमिनीपर्यंत ओघळला होता. मग धाकटीनं वेगळ्याच आवाजात विचारलं, "रोज या सुमाराला दिवा एकदा मिटतो आणि लगेच उघडतो. तोही तुमच्यामुळे?"

थोरलीनं सांगितलं, बॅटरी संपते आणि बाहेरची वीज येते, त्यामधला तो क्षण.

धाकटी खाली बसली. "मला वाटलं, माझे डोळे."

पॅनेल बसले तेव्हापासून ती हे मनात घेऊन होती. रोज संध्याकाळी डोळ्यांपुढे एकदा अंधार. शिवणकाम करणाऱ्या बाईनं असं कुणाला सांगायचं? गडद कापडं तिनं घेणं सोडलं होतं, बारीक काम नाकारायला लागली होती, आणि डॉक्टरकडे जायचं या ना त्या कारणानं टाळत होती. आता ती आधी हसली आणि मग त्या पडद्याचंच टोक तिनं डोळ्यांना लावलं. गिऱ्हाइकाचं कापड आहे गं, असं थोरली म्हणाली तेव्हा तिला आणखीच हसू आलं.

तेवढ्यात भिंतीतून आवाज आला.

"शून्य. अगं, ऐकलंस का? शून्य आला."

बायको घरात परतली असेल असं समजून पंपवाले बोलत होते. आवाज गोंधळलेला होता, गळती हाताला लागता लागता निसटलेल्या माणसाचा. आता उठून गेलं की झालं, थोरलीला वाटलं. कुणाला काही कळणार नाही, फरशी उकरणार नाहीत. आणि दुपारी पडद्यावर हाच शून्य पडून राहील, उद्या, परवा, नेहमी.

"लाव," ती म्हणाली.

"काय?"

"प्लग. दिवा लाव आणि शिव."

"दादा बघत बसलेत ना तिकडे?"

"म्हणूनच म्हणतेय."

धाकटीनं तिच्याकडे नीट पाहिलं. मग दिवा लावला, प्लग खोचला, पडदा सारखा केला आणि पाय दाबला. लांब, सरळ शिवण सुरू झाली. थोरलीला भिंतीपलीकडचं सगळं न बघताही दिसत होतं : आकडा चढलेला, पंपवाल्यांची मान पुढे आलेली, एक कान आवाजाकडे, एक डोळा आकड्यावर. मग ते उठलेले, बोर्डाशी गेलेले.

दिवा विझला. सुई कापडात अर्धी रुतून थांबली.

अंधारात दोघी हलल्या नाहीत. धाकटीचा हात अजून कापडावरच होता. थोरलीनं तो धरला नाही, पण जवळ सरकून बसली. पलीकडे चालण्याचा, खोकल्याचा, कशाचाच आवाज नव्हता. खिडकीबाहेर आकाश निळंगर्द होत चाललं होतं.

दिवा लागला.

धाकटीनं लगेच पाय दाबला नाही. पुन्हा जातो का, वाट बघितली. गेला नाही. मग हलक्या पायानं तिनं शिवण पुढे नेली, पार टोकापर्यंत, आणि दोरा कापला. ती थांबली तेव्हा भिंतीच्या अगदी जवळून पंपवाल्यांचा घसा खाकरण्याचा आवाज आला. ते धाकटीशी बोलत नव्हते. इतक्या वर्षांनी लगेच जमणारही नव्हतं. ते बायकोशी बोलत होते, ती इकडेच आहे हे ओळखून.

"तिला सांग, इस्त्री दुपारी करायची. ऊन असतं तेव्हा. संध्याकाळी नुसतं शिवायचं."

धाकटी टाचण्या गोळा करत थोरलीकडे वळून म्हणाली, पण भिंतीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात, "त्यांना सांगा, दुपारी जेवण झालं की मी जरा आडवी होते."

पलीकडे स्टूल सरकल्याचा आवाज झाला.

"मग अकराला कर म्हणावं," पंपवाले म्हणाले.