पाणीपुरी मोडून खाणारी पोर

"माधवी, पोरगी पाणीपुरी मोडून खाती. बघ जरा," इंदापूरच्या स्टँडसमोर माझ्या चुलत सासूबाई, मुक्ताबाई, म्हणाल्या होत्या.

मी म्हटलं, "काकी, दातांना तारा आहेत तिच्या. आ करायला दुखत असेल." चेहराच बापासारखा लांबट, तोंड लहानच, असंही वर जोडलं. बीएस्सी झालेय ना मी. कारणं पटकन सापडतात.

ते दिवाळीत. होळीपर्यंत माझी लेक राजेश्वरी भाजीचे तुकडे पाण्यात बुचकळून खायला लागली. तिखट झोंबतंय म्हणे. तेही मी तारांवरच ढकललं.

मग बारामतीला तारा आवळायला गेलो, तर डॉक्टर प्रियदर्शनींचा आरसा दाढेपर्यंत जाईना. त्यांनी राजेश्वरीला स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात घालायला सांगितली. दोनच गेली, तीही अडून.

"तारा आवळल्यावर चार दिवस दुखतं," त्या म्हणाल्या. "चेहऱ्याच्या ठेवणीनंही थोडाफार फरक पडतो. एवढा नाही. हिचे गाल आतून ताठ झालेत. असं सुपारीनं होतं. खाते का ही?"

बारा वर्षांची पोर. मला डॉक्टरांचाच राग आला. राजेश्वरी मात्र माझ्याकडं बघेना.

लासुर्ण्याला घरी आले आणि चप्पलही न काढता सासऱ्यांपुढं उभी राहिले. जोतीराम आबांच्या बंडीच्या खिशातून गोड सुपारीच्या पुड्यांची माळ लोंबत होती.

"डागतरनी पोरीचा ऊस बंद केला," आबा शांतपणे म्हणाले. "घरचा फड, आन् नातीनं नुसतं बघायचं व्हय? ही मऊ हाय, चघळती. तंबाकू थोडीच दिलीया?"

"रोज किती?"

"चार-पाच. तुझ्यासमोरच देत हुतो की."

देत होते. मी बघत होते. उसानं तार निघते म्हणून कांडं मीच तिच्या हातातून हिसकावून घ्यायचे, आणि पुडी बघून म्हणायचे, एवढं चालतंय.

माळ ओढून चुलीत टाकली.

"सूनबाई, जरा बेतानं."

"आबा, तिचं तोंड पहिल्यासारखं उघडेल याची खात्री नाही. सुपारी बंद करून, रोज व्यायाम करून आहे तिथं थांबलं तरी खूप, असं म्हणाल्यात त्या. बेतानंच वागले मी पाच महिने."

राजेश्वरी दारात उभी होती, हात तोंडावर. तिच्यावर ओरडायला तोंड उघडलं आणि मिटलं. तिचं काय चुकलं होतं?

आज जेवताना तुमच्या घरातलं पोर बघा. कोण घास बारीक करतंय, कोण तिखट बाजूला सारतंय. त्याचीच तीन बोटं, उभी, त्याच्याच तोंडात जातात का बघा. तारा असोत वा नसोत. आणि आजोबांचा खिसाही बघा.